बंद पान

कारकून : ते पान मिळणार नाही, ताई. साठ वर्षं बंद म्हणजे बंद.

बहीण : एकशे बारा पानं दिलीत ना? मग एकावरच एवढा जीव का?

कारकून : खबर कोणी दिली ते त्या पानावर असतं. प्रत्येक फायलीत असं एक पान. सरकार बदललं, पोलिसांच्या फायली लोकांना उघडल्या, पण खबऱ्याचं नाव झाकायचं असा नियम झाला. बाकीची वाचलीत का?

बहीण : वाचली. दादा पत्रकं छापायचा म्हणून गुरुवारी सकाळी वीटभट्टीमागच्या खोलीतून उचलला. शनिवारी कोठडीत दम लागून गेला. मग अंगझडतीची यादी. एक रुमाल, एक कंगवा, बसचं तिकीट. सव्वीस वर्षांचा माणूस, एका ओळीत आटोपला.

कारकून : बाहेर बाकावर बसल्यात त्या आई?

बहीण : हो. तो गेला एवढंच तिला माहीत आहे. कसा गेला ते तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही, आणि आता मलाही सांगवणार नाही. तिला एकच हवंय, चुगली कोणी केली. ही बघा तिच्या हातची यादी. पाच नावं. पहिला समोरचा शिंपी.

कारकून : त्याच्यावरच का?

बहीण : दादा लपला होता तेव्हा डबा तोच पोचवायचा. खोलीचा पत्ता त्याला आणि आईला, दोघांनाच ठाऊक. मी अकरा वर्षांची, मला कोण सांगतंय? तेव्हापासून आई त्याच्याशी शब्द बोललेली नाही. त्याची बायको गेली, आईने खिडकी लावून घेतली. तो मान खाली घालून जातो. आई म्हणते, खाई त्याला खवखवे.

कारकून : (उठून दार लोटतो.) हळू बोला. एक सांगतो, पण मी सांगितलं नाही. निवृत्तीला सात महिने राहिलेत माझ्या. टायपिंगवाल्या पोरींनी फायली कॉम्प्युटरवर चढवल्या, तेव्हा हे पानही चढवलं. बंद करायचं नंतर ठरलं. त्यामुळे आतला मजकूर शाबूत आहे. पान दिसत नाही, पण शब्द टाकला की तो बंद पानावर आहे की नाही त्याचा आकडा येतो. एक किंवा शून्य.

बहीण : आणि सकाळपासून गप्प बसलात?

कारकून : पाच जणांना सांगून पस्तावलोय. पहिल्या बाई शेजाऱ्याला शोधत आल्या होत्या. नवरा निघाला.

बहीण : शिंप्याचं नाव टाका, भाऊ.

कारकून : शून्य.

बहीण : नीट टाकलंत?

कारकून : चौतीस वर्षं कारकुनी करतोय. शून्य.

बहीण : मग प्रेसचा मालक.

कारकून : शून्य. मावसभाऊ, शून्य. दूधवाला, शून्य. हा पाचवा कोण? मास्तर. शून्य.

बहीण : बाप रे. त्या शिंप्याची बायको गेली तेव्हा तो एकटाच ओट्यावर बसला होता. मी फटीतून बघत होते.

कारकून : तो सुटला ना? तेवढं घेऊन घरी जा. माझं ऐका.

बहीण : पत्ता दोघांनाच ठाऊक होता.

कारकून : ताई.

बहीण : आईचं नाव टाका.

कारकून : नको ते उकरू नका.

बहीण : टाका, नाहीतर सरका, मी टाकते.

कारकून : ...एक.

बहीण : मुलाची फाईल आहे, आईचं नाव असणारच की.

कारकून : ते पहिल्या पानावर. या पानावर घरदार नसतं. खबर कोणाकडून, काय आणि कशी कळली, एवढंच.

बहीण : ती? अहो, ती अजून त्याच्या शर्टाला इस्त्री करते!

कारकून : शांत व्हा. त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं?

बहीण : काय असणार? शिंपी तापाने फणफणलेला, डबा बंद. दादाचा दम्याचा पंप घरीच राहिला होता. आईला घास गिळवत नव्हता त्या पंपापायी. मग बुधवारी बाहेरून आली ती हसत. म्हणाली, पोचेल आता. कोण नेणार ते मात्र सांगितलं नाही.

कारकून : टाकू? पंप?

बहीण : टाका.

कारकून : एक.

आई : (दार ढकलून आत येते.) किती वेळ गं? त्या बाकाने पाठीचं पार भुस्कट केलं. सापडला का मेला?

बहीण : आई, शिंपी नव्हता.

आई : काय?

बहीण : यादीतला कोणीच नव्हता.

आई : अगं देवा! आणि मी त्या माणसाला तीस वर्षं... त्याच्या बायकोचं तोंडसुद्धा बघायला गेले नाही. आज पाय धरते त्याचे. पण मग कोण?

बहीण : ते पान बंद आहे. आई, तेव्हा दादाचा पंप कोणी नेला होता?

आई : दवाखान्यातला कंपाउंडर. मी तिथे रडत बसले होते, तर म्हणाला, मावशी, पत्ता लिहून द्या, सायकलवरून जातो. वर म्हणाला, कोणाला सांगू नका, मी गोत्यात येईन. म्हणून नाही बोलले कधी. त्या दिवसांत तो एकटाच माणसासारखा वागला. का गं?

बहीण : सहज विचारलं.

कारकून : बसा आई, पाणी देतो.

आई : पाणी राहू द्या. तुम्ही कागद बघितलेत ना, साहेब? ही मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल, तुम्ही कागदावरचं सांगा. माझ्या पोराजवळ शेवटी पंप होता ना?

कारकून : होता, आई. यादीच आहे इथे, वाचून दाखवतो. एक रुमाल, एक कंगवा, बसचं तिकीट, आणि एक पंप.