शंभरापर्यंतचं गाऱ्हाणं

देव ऐकत नाही म्हणतोस? आमच्या परबांचा देव अगदी शब्दाला शब्द ऐकतो यार.

टीव्ही रंगीत झाले तेव्हा मी माहुलजवळच्या एका लॅबमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचे सुपरकंडक्टिंग मॅग्नेट टेस्ट करायचो. मॅग्नेट गारठवायला द्रव हेलियममध्ये बुडवायचं आणि करंट वाढवत न्यायचा. ते जरा कुठे तापलं की सगळं हेलियम उकळून छतातून पसार. दोनदा तशी वाट लागली होती. आता हेलियम एकाच टेस्टपुरतं उरलं होतं, आणि साहेबांना हवे होते शंभर अँपिअर.

आमचे मालवणी टेक्निशियन परब नारळ घेऊन मॅग्नेटसमोर देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या मॅग्नेट शंभर अँपिअरपर्यंत थंड रवांदे रे म्हाराजा."

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा."

साहेब पुण्याचे. ते नुसते घड्याळ बघत होते.

ऐंशी झाले, नव्वद झाले, शंभर झाले, मॅग्नेट गारच. साहेब इतके खूश की म्हणाले, "अजून एक वाढवा."

एकशे एकला जो फुस्कारा उठला, त्या पांढऱ्या धुरात कोणालाच कोणी दिसेना. आतून साहेब ओरडले, "परब, हे काय?"

धुरातूनच शांतपणे उत्तर आलं, "सायबानू, गाऱ्हाणा शंभरापर्यंतचाच होता."