भरलेला टब

जुईनगरच्या दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत राजश्री डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाकावर एक साठीच्या काकू आणि त्यांची शेजारीण सरोज बोलत होत्या.

"काकू, मुलानं हौसेनं एवढ्या मोठ्या हॉटेलात पाठवलं, तेही तळ्याकाठी, आणि तुमी आजारी पडूनच आलात?"

"अगं, जेवणानं. आधी सूप नि पाव आणला. आमाला वाटलं, एवढंच. पोटभर खाल्लं. मग एकेक यायला लागलं. हे म्हणाले, टाकायचं नाही काही. जीव जाईस्तोवर जेवलो."

"आणि खोली?"

"राजवाडाच. झोपायच्या आधी मी बाथरूममधला टब काठोकाठ भरून ठेवला."

"टब? तो कशाला?"

"सकाळी पाणी गेलं म्हणजे?"

"काकू! हॉटेलात कसलं पाणी जातंय!"

"तरी पहाटे जाग आलीच. बघते तर हेपण उठून बसलेले. पाणी भरायचं नाही, डबा करायचा नाही. हे म्हणाले, चहा टाकतेस? म्हटलं, कशावर टाकू?"

"मग?"

"मग काय, नळाला पाणी होतंच, टबातलं सोडून दिलं. एवढं भरलेलं पाणी वाया जाताना बघवेना, पण दोघं तिथंच उभे होतो, पार संपेपर्यंत. बाहेर आलो तर खोलीत ऊन आलेलं."

"आणि तळं?"

"मुलानंपण तेच विचारलं. म्हणाला, आई, तळ्यावरचा सूर्योदय बघितलात ना? त्याच्यासाठीच ती खोली घेतली होती."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, बघितला की."