घुगरी दिली त्या सालची गोष्ट

आमी गोर मान्सं, बंजारे म्हना. माह्या आजाच्या वक्तापासून आमचे लोक बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरत, मंग रेल्वे आली, थे काम गेलं, अन् यवतमाळच्या अंगाले तांडा करून आमी वावर धरून बसलो. माहं लगन झालं तवा मी चौदा वर्साची असन का पंधरा, कोनं लिवून ठेवलं?

कोनतं साल ध्यानात हाय म्हनता बाई, तं एकच हाय, चीनच्या लढाईचं. त्या साली काय काय नाही झालं! पयले हूल उठली का आठ ग्रह एका जागी येऊन राह्यले, आता जग बुडते. गावात होम सुरू, अन् आमच्या तांड्यानं काय केलं, बकरे कापले, म्हने बुडाचंच हाय तं उपाशी काहून बुडा. जग बुडलं नाही, बकरे तेवढे गेले. मंग मतं झाले, जीपा आल्या अन् गेल्या. मंग दिवाळीच्या वक्ताले मास्तर सांगत आला का चीन आत घुसला, आपले शिपाई बरफात मरून राह्यले, आंगात धड कपडे नाही.

पोराचा बाप तवा झरीच्या रानात गेलता, ठेकेदाराच्या संगं सागवान तोडाले. इकडे भोंग्याची गाडी आली, तांड्याच्या नायकाच्या दारात चादर पसरली, साहेब म्हने बायाहो, सोनं द्या, लढाईले लागते. आमच्या तांड्यात सोनं कुठचं? चांदी होती, थे बी आंगावरची. काय सांगू तुमाले, मले त्या बरफातल्या मान्साईचं लय वाईट वाटे, त्याईच्या बी बायका घरी वाट पाहत असतीन ना. घुगरी म्हंजे आमचे चांदीचे झुबके, दोहीकडून केसात गुंतून कानाजवळ लोंबते, लगनात बाई घालते अन् नवरा मेला तवाच उतरते. थे मी सोडली अन् चादरीवर टाकली. टाळ्या वाजल्या. सासू मागून वरडली, ये काई किदी, हे काय केलं तू, माहा लेक जित्ता हाय ना! मी म्हनलं काही होत नाही, जग बुडनार होतं तसंच हाय हे. मले तवा लय तोंड होतं.

आठ दिवसानं पोराचा बाप घरी आला, माह्या कानाकडे पाह्यलं, मी भेलीच. पन तो हासला, म्हने अच्छा केलं, होळीले नवी करून देतो. दोन दिवस राह्यला, पोराले खांद्यावर घेऊन तांडाभर फिरला, अन् गेला.

लढाई थांबली म्हनून मास्तर सांगत आला, त्याच आठोड्यात ठेकेदाराचा ट्रक आला. लाकडाच्या संगं त्यात पोराचा बाप. झाड आंगावर पडलं होतं.

रीतीपरमाने बाया आल्या घुगरी उतराले. दोघी दोहीकडून बसल्या, माहे केस हातात घेतले अन् तशाच बसून राह्यल्या. उतराले काही नव्हतंच. मंग सासू म्हने, इनं आधीच उतरून ठेवली. एवढंच. त्याच्यानंतर सतरा वर्सं जगली म्हातारी, पन माह्या हातचं पानी पेली नाही. मी तिचं हागनं-मुतनं काढलं, आंग पुसलं, पन पानी पोराच्याच हातून पाजा लागे. गुस्सा नाही यायचा मले. माह्याच मनात थे होतं, तिले काय बोलू?

आता नातसून हाय, शिकलेली. घुगरी तिनं जलमात घातली नाही, केसाले पिना लावते. नातू लोहाऱ्याले कारखान्यात जाते अन् दिवस बुडाले घरी येते. तांड्यातली एक बी पोरगी आता घुगरी घालत नाही, अन् साऱ्याईचे नवरे चांगले जित्ते हाय. म्हंजे झाड माह्याच्यानं पडलं नाही, मी अडानी असन बाई, पन एवढं मले कळते. कळाले मात्र उमर गेली. अन् ज्या म्हातारीले हे सांगाचं होतं, थे राह्यली नाही.

असो. तुमचं घर भरलं राहो, बाई.