मामाच्या खात्यातल्या चादरी

आम्ही मूळचे राजापूरकडचे, पण माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत, आई घरोघर मसाले विकायची, आणि आम्ही दोनच भावंडं, मी थोरली, दिनू धाकटा, त्यामुळे त्याचं जेवण, शाळा, आजारपण सगळं माझ्याकडे. तेव्हापासून मला कामं लिहून ठेवायची सवय, आजही चहाआधी दिवसाची यादी होते. नवरा म्हणतो, यमराज आला तरी ही सांगेल, थांबा, तुमचा नंबर यायचाय. तर काय सांगू तुम्हाला, तोच दिनू नगरसेवक झाला, आमदार झाला, आणि मंत्री झाला, तोही आरोग्याचा.

आणि माझ्या मुलाचा, निखिलचा, धंदा हॉस्पिटलच्या चादरींचा. हिंदमाताला कापड घ्यायचं, चाळीतल्या बायकांकडून शिवून घ्यायचं, खासगी नर्सिंग होमना द्यायचं. मामा मंत्री झाला त्याच दिवशी मी बजावलं, सरकारी हॉस्पिटलच्या वाटेला जायचं नाही. तो म्हणाला, आई, मी कुणाकडे शब्द टाकणार नाही. आणि टाकला नाहीच हो. पण गणपतीत दिनू आमच्याकडे आरतीला येतो, आणि गणपतीला आलेल्या माणसाला तुम्ही का आलात असं कोण विचारतं? निखिलने सरकारी खरेदीचे एक साहेब दर्शनाला आणले. आरतीचं ताट त्यांच्या हातात दिलं, मामाच्या शेजारी उभं केलं, दिनूने प्रसाद दिला, फोटो निघाला. चादरीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. साहेब काय ते समजले. दिवाळीनंतर सरकारी हॉस्पिटलांच्या चादरींचं काम निखिलला.

मग तो फोटो टीव्हीवर. अधिवेशन चालू, विरोधक ओरडतायत भाच्याच्या चादरी, भाच्याच्या चादरी, आणि आमच्या चाळीखाली कॅमेरेवाले. शेजारच्या मालवणी काकी गॅलरीतून म्हणतात, गो सुनंदा, साडी बदल गो, टीव्हीवर दिसतलंस!

तेवढ्यात दिनूचा पीए वर आला, बुटांसकट आत. ताई, खाली जाऊन एवढंच बोला, भावाशी आमचं येणं-जाणं नाही. निखिल जेवत होता, तोही म्हणाला, बोल ना आई, एका वाक्यात सुटतंय. मी दिनूलाच फोन लावला. म्हटलं, तुझं-माझं येणं-जाणं नाही? तो म्हणाला, ताई, मंत्रिपद जाईल गं. मी म्हटलं, अख्ख्या चाळीने तुला माझ्या घरात बघितलंय, मी नाही कसं म्हणू?

फोन ठेवला आणि निखिलसमोर बसले. म्हटलं, हे काम आजच्या आज सोड. तो भडकला, शिवणाऱ्या बायकांचं काय? म्हटलं, त्यांचं मी बघते, तू सोड. म्हणजे तुला भाऊच प्यारा! मी म्हटलं, मामाचं राहू दे, उद्या तुझ्या मुलीला शाळेत कोण काय बोलेल ते बघ. त्याने ताट सरकवलं, उष्ट्या हातानेच मोबाईल घेतला आणि काम सोडल्याचा मेल माझ्यासमोर पाठवला. मी खाली गेले, कॅमेऱ्यांना सांगितलं, मंत्री माझा सख्खा भाऊ, चादरीवाला माझा मुलगा, आणि मुलाने काम सोडलंय.

वर येऊन बघते तर टीव्हीवर दिनू सांगतोय, ते आमचे लांबचे नातेवाईक, माझा संबंध नाही.

त्याचं मंत्रिपद टिकलं. बायकांना मी शाळांच्या गणवेशांचं काम मिळवून दिलं, पण निखिल बायको-मुलीला घेऊन शीवला भाड्याने राहायला गेला. वडिलांशी फोनवर बोलतो, माझा आवाज आला की ठेवतो. ठेवू दे. धंदा पुन्हा उभा करतोय असं ऐकते, त्याला यश मिळो.

परवा दिनूचा फोन आला, आवाज अगदी खाली, ताई, रागावलीस का गं? मी म्हटलं, लांबच्या नातेवाइकांवर कोण रागावतं? मग माझ्याच तोंडून गेलं, शुगरची गोळी घेतोस ना रे वेळेवर? हो म्हणाला. खोटंच असणार. सुखात राहो.