एक, बे, त्रण, चार

आता बघा, क्लिक म्हणजे तालाची टकटक. ती फक्त वाजवणाऱ्यांच्या कानात जायची, लोकांना ऐकू येता कामा नये. आमच्या बँडच्या प्रत्येक गाण्याच्या क्लिकआधी आमचा ड्रमर मिलिंद स्वतःच्या आवाजात मोजून रेकॉर्ड करून ठेवायचा, "एक, बे, त्रण, चार!" त्याची आई चिडायची, "अरे, घरात तरी मराठीत मोज!"

मिलिंद अचानक वारला. त्यानंतरचा पहिला कार्यक्रम डभोईला. त्याची आई, आमच्या काकू, बडोद्याहून आल्या होत्या, पुढच्याच रांगेत. क्लिकची वायर चुकून बाहेरच्या स्पीकरला लागली आणि सगळ्या हॉलभर घुमलं, "एक, बे, त्रण, चार!"

मी बंद करायला धावलो. काकूंनी मला हातानंच थांबवलं.

"राहू दे रे. गुजरातीत तर गुजरातीत, मोजू दे त्याला."