सटवाजीने मूर्ती का सोडली

मंडळी, जरा पुढे सरकून बसा आणि मला सांगा—देवाने तुम्हाला घडवलं, ते कशासाठी? दुसऱ्या कुणासारखं व्हायला? अहो, तो दुसरा त्याने आधीच करून ठेवलाय की! मग तुमची खटपट कशाला केली असेल त्याने?

ऐका तर. कातळवाडीत सटवाजी नावाचा पाथरवट होता. त्याचे वडील येसाजी म्हणजे नावाजलेले मूर्तिकार. त्यांनी घडवलेल्या देवीपुढे उभं राहिलं, की ती आता बोलेल असं वाटायचं! म्हातारपणी त्यांची नजर अधू झाली. मग गावाने नव्या देवळातल्या मूर्तीचं काम सटवाजीला दिलं. बापाचा हात लेकाला आलाच असणार—हे गावानेच ठरवून टाकलं. गावाचं काय जातंय!

सटवाजी बसला घडवायला. पहिल्या मूर्तीचं नाक उडालं. दुसरीचे डोळे असे झाले, की देव भक्ताकडे बघतोय का बाहेरच्या चपलांकडे, कळेना! हसताय? तो मात्र हसत नव्हता हो. अन्न गोड लागेना. तिसरा दगड समोर आला आणि छिन्नी धरताना हात थरथरायला लागले.

अशात एका सकाळी पाणवठ्यावर आरडाओरडा झाला. तिथे पायऱ्या नव्हत्या, नुसता उतरता, शेवाळलेला कातळ. गोजराबाईची पोटुशी सून घागरीसकट घसरली. बायकांनी धरली म्हणून वाचली. सटवाजी धावत गेला. सून सुखरूप आहे म्हटल्यावर त्याने कातळ हाताने चाचपला—आणि गडी तिथेच उकिडवा बसला! खाच कुठे घ्यायची, पाऊल कुठे टेकेल, पाणी कुठून निथळेल, सगळं त्याला दिसायलाच लागलं. हाताची थरथर थांबली होती.

संध्याकाळी तो वडिलांपुढे बसला. म्हणाला, "आबा, मूर्ती घडवणं माझ्या हातचं नाही. मला पाणवठ्याच्या पायऱ्या करायच्यात. तुमचं नाव जाईल, पण..."

म्हाताऱ्याने चाचपडत लेकाचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "माझ्या बापाने मला पाटे-वरवंटे घडवायला बसवलं होतं. मी घर सोडून पळालो, तेव्हा कुठे मूर्तीपाशी पोचलो. तू निदान विचारायला तरी आलास."

मंडळी, सटवाजीच्या डोळ्यांना धार लागली!

दुसऱ्या दिवशी त्याने गावापुढे हात जोडले, मूर्तीसाठी दुसरा कारागीर आणायला सांगितलं. लोक नाराज झाले, चार दिवस कुजबुजले. पण पुढचे चार महिने सटवाजी कातळावर गात होता! बेचाळीस पायऱ्या कोरल्या. रुंद, ठेंगण्या, म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपतील अशा. गोजराबाई सात वर्षं तिथे उतरली नव्हती. ती कुणाचा हात न धरता उतरली, ओंजळभर पाणी प्यायली आणि शेवटच्या पायरीवर डोकं टेकवलं. सटवाजी लाजला. म्हणाला, "आजी, देव तिकडे देवळात आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे रे. पण मला इथवर आणलं कुणी?"

आता तुम्ही सांगा! तुमचे हात कुठल्या कामात थरथरतात, आणि कुठल्या कामात शांत होतात? आणि घरातल्या लेकीसुनांना आपल्या साच्यात बसवताना त्यांना हे एकदा तरी विचारलंत? नाही ना? मग आज विचारा. आणि आता नाव घ्या देवाचं—ज्याला जसा दिलाय, त्या आवाजात!