आमचा विल्किन काही खास नाही

विमा विकता? बरं बरं. आणि रुमालाखाली मांडीवर काय लपवलंय ते, पॉलिसी? अहो, चेंडूचा वेग मोजायचं यंत्र घेऊन कुठला विमावाला हिंडतो? इतकी वर्षं बसतेय मी या बेसबॉलच्या स्टँडमध्ये. जुलैचा शेवटचा दिवस, डोक्यावर ऊन, कॅचरच्या बरोब्बर मागची खुर्ची, आणि हातात बिअर नाही – असा माणूस एकच असतो. दुसऱ्या क्लबाचा हेर. आज संध्याकाळपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत आहे ना तुमची? कळतं हो आम्हाला, आयोवात राहतो म्हणून काय झालं. लाजू नका. सूर्यफुलाच्या बिया घ्या. सालं खाली थुंका बिनधास्त, इथे सगळे थुंकतात, आमचे पास्टरसुद्धा. मी मार्लिस. आता ओळख झालीच आहे तर मॅच संपेपर्यंत तुमची सुटका नाही.

विचारा ना, कोण हवाय? तो ट्रेंट बघा – तो हो, दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे उभा आहे, गम चघळतोय. त्याला न्या. बॅट लागली की चेंडू थेट पार्किंगमध्ये, माझ्या मैत्रिणीच्या, डार्लीनच्या गाडीची काच फोडलीय त्यानं. लागली तर, म्हणा. बहुतेकदा वाराच घालतो. पण पोरगा देखणा आहे, पोस्टरवर छान दिसेल तुमच्या. राहतो डार्लीनकडेच. आमच्याकडे पद्धतच आहे ती, मोठ्या क्लबच्या खालच्या टीममधली ही पोरं आम्ही गावातली घरं वाटून घेतो, सीझनभर खाऊपिऊ घालायचं, कपडे धुवायचे, हरले की गप्प बसायचं. डार्लीन म्हणते, हा फ्रिजचं दार कधी लावत नाही. न्या हो त्याला, डार्लीन तुम्हाला ॲपल-पाय बनवून खाऊ घालेल. नको? मग ब्रॉडी न्या, कॅचर, तो बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलतो तो. ओबडधोबड दिसतो, पण डोकं थंड. पिचर चिडला की हा चालत जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगतो आणि तो हसतो. काय सांगतो विचारलं मी एकदा, तर म्हणे, रात्री जेवायला काय आहे ते! हे तुमच्या यंत्रात दिसतं का? नाही ना?

पिचर? कुठला पिचर? हा होय, आता फेकतोय तो. विल्किन. छे, तो काही खास नाही. डॉमिनिकन पोरगा, एवढासा जीव, वाऱ्यानं उडेल. वेग किती आला? दाखवा – हं. यंत्र बिघडलंय तुमचं. उन्हानं होतं असं. शिवाय आळशी आहे हो, सकाळी हाका मारून घसा बसतो माझा – म्हणजे, लोक सांगतात. बरं, राहतो माझ्याकडे, मग? म्हणून का मी त्याची बाजू घेणार आहे? उलट सांगतेय ना, नका नेऊ म्हणून. कच्चा आहे अजून. इंग्रजी कच्चं, गाडी चालवणं कच्चं – माझ्या नवऱ्याच्या, व्हर्नच्या ट्रकवर मीच शिकवतेय त्याला, परवा शेजाऱ्यांच्या मक्यात घातला ट्रक, आणि उतरून मलाच म्हणतो, ममा, रस्ता वळला, मला कुणी सांगितलंच नाही. हसू नका. व्हर्न असता तर बोंबललाच असता. व्हर्नला जाऊन दोन हिवाळे झाले. त्याच्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नव्हते, मुलीलासुद्धा नाही. हा आला, पहिल्याच दिवशी भात मागितला, ताट घेतलं आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसला. मी म्हणणार होते ऊठ. पण म्हटलं नाही.

बघितलंत? आत्ता, आत्ताचा चेंडू? हात तोच, झटका तोच, आणि चेंडू येतच नाही – बिचाऱ्याची बॅट फिरून झाली, तो तोल जाऊन गुडघ्यावर आला, आणि मग चेंडू पोचतोय सावकाश! असा चेंडू या लीगमध्ये कुणाकडे नाही, मी सांगते तुम्हाला, कुणाकडे – काय लिहिलंत? खोडा ते. वारा होता. समोरून वारा येतोय, चेंडू अडतो त्यात. झेंडा हलत नाहीये म्हणता? अहो, झेंडा जड आहे.

फोन वाजतोय तुमचा. बायको? घ्या, घ्या. अगदी उठून कठड्यापाशी जाऊन बोलायचं म्हणजे बायको नव्हे हो. लवकर झालं बोलणं. काय म्हणाले? बसा. बिया घ्या. असे बघू नका माझ्याकडे.

हा मॅनेजर कशाला बाहेर आला? डाव मधेच आहे, कुणी दुखावलेलं नाही, छान फेकतोय की तो. चेंडू काढून घेतला हातातून. अहो, पण का? विल्किन, तू बोल ना त्याला! गेला आत, खेळाडूंच्या बाकांकडे, डगआउटमध्ये. आणि तो ब्रॉडी – मास्क फेकून धावला त्याच्यामागे. मिठी मारतोय. ट्रेंटही. सगळे एकेक करून गळ्यात पडतायत त्याच्या. याचा अर्थ मला सांगायला नको कुणी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी चांगल्या फेकणाऱ्याला मधेच बोलावलं आणि पोरं मिठ्या मारायला लागली, की तो आपला राहिला नाही. विकलात तुम्ही त्याला. नाही, विकत घेतलात.

सॉरी नका म्हणू. काम आहे तुमचं, आणि माणूस बरोब्बर हेरलात. सीझन संपेपर्यंत, सप्टेंबरपर्यंत राहिला असता तर बरं झालं असतं, एवढंच. मला नको होतं त्याचं जाणं, म्हणून वाटेल ते बोलले. आळशी नाही तो. पहाटे उठून अंगणात चेंडूऐवजी हातात टॉवेल घेऊन फेकायचा सराव करतो, मी खिडकीतून बघते. तिकडे जो कुणी त्याला ठेवून घेईल त्याला सांगा, हरला की भात द्या आणि काही विचारू नका.

आता पाय घ्या बाजूला, जाऊ द्या मला. तासाभरात विमानतळावर न्यायला येतील त्याला, आणि त्याचे सगळे कपडे माझ्या मशीनमध्ये ओले पडलेत.